नौपाड्यातली तीन नाणी: १९१८ च्या गिन्नीचं एक प्रकरण

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ठाण्यातल्या नौपाड्यातून ताईचा फोन आला. ती माझ्या बायकोची जुनी मैत्रीण. घरीदारी तिला सगळे ताईच म्हणतात, म्हणून मीही. आईचं वर्षश्राद्ध झालं होतं, लॉकर उघडून झाला होता, पाटल्या-बांगड्या समजुतीनं वाटून झाल्या होत्या. गाडं अडलं होतं तीन सोन्याच्या नाण्यांपाशी. "दादा, तुम्ही हे जमवता ना? एकदा बघून जा. आम्हा दोघा बहीण-भावात बोलणं बंद व्हायची वेळ आलीय," एवढंच ती म्हणाली.

ब्रिटिश टाकसाळीच्या शाखांमध्ये पाडलेली सोन्याची सॉव्हरिन नाणी मी गेली पंचवीस वर्षं जमवतोय. आपल्या सराफबाजारात त्यांना गिन्नीच म्हणतात. खरी गिनी हे त्याआधीचं वेगळं इंग्रजी नाणं, ते १८१४ नंतर पाडलंच नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं. मीही इथे गिन्नीच म्हणणार आहे. या प्रकरणाची नोंद सविस्तर करून ठेवतोय, कारण सोनं तपासणं आणि नाणं तपासणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकाचा निकाल दुसऱ्यावर लावला की घरात काय होतं, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

डबीतली नाणी आणि पेढीवरची चिठ्ठी

नाणी हिंगाच्या एका जुन्या पत्र्याच्या डबीत कापसावर ठेवलेली होती. दोन गिन्न्या, दोन्हीवर १९१८ साल. एका बाजूला डावीकडे तोंड केलेला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून अजगराला मारणारा सेंट जॉर्ज. तिसरं नाणं आकारानं तेवढंच, पण त्यावर घोडेस्वार नव्हता. नक्षीच्या चौकटीत १५ रुपये, इंडिया, १९१८ अशी अक्षरं होती. आई दरवर्षी लक्ष्मीपूजनाला तिन्ही नाणी ताटात मांडायची, हळद-कुंकू वाहायची आणि दुसऱ्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात धुऊन परत डबीत ठेवायची. अक्षरांच्या खाचांत कुंकू अजून बसलेलं होतं.

वाटणीआधी दोघं मिळून जांभळी नाक्याजवळच्या एका पेढीवर गेली होती. सराफानं कॅरेटोमीटरवर, म्हणजे सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या यंत्रावर, तिन्ही नाणी लावली आणि चिठ्ठी दिली. पहिली गिन्नी, घोड्याच्या खाली बारीक उभी रेघ असलेली: टंच (शंभरात किती सोनं) ८९.६, शेरा "मिसळ". दुसरी, रेघ नसलेली: टंच ९१.४, शेरा "चोख". तिसरं नाणं: टंच ९१.६, शेरा "मेडल, गिन्नी नाही".

या चिठ्ठीवरून भांडण सुरू झालं. धाकट्या भावाच्या ओळखीचा एक जण जुन्या नाण्यांचा व्यवहार करतो. त्यानं भावाला सांगितलं की शाखांच्या गिन्न्यांवर टाकसाळीचं अक्षर असतं आणि लंडनच्या गिन्नीवर काहीच नसतं. तेव्हा बिनअक्षराची ती लंडनची, आणि १९१८ ची लंडनची गिन्नी कुणाकडेच नसते. वर सोन्याच्या भावाच्या तिप्पट द्यायची तयारीही दाखवली. भावाला म्हणून ती दुसरी गिन्नी हवी होती आणि उरलेली दोन ताईनं घ्यावीत असं त्याचं म्हणणं. ताईचं म्हणणं, म्हणजे मला ओरखडा पडलेली मिसळीची गिन्नी आणि एक मेडल, आणि तुला खरा माल?

त्या ओळखीच्या माणसानं सांगितलेला नियम बरोबर आहे, आणि तो पटण्यासारखाही आहे. खिशातलं कुठलंही आजचं नाणं काढा. सालाच्या खाली चौकोनी हिरा दिसला तर ते मुंबईचं, तारा दिसला तर हैदराबादचं, टिंब दिसलं तर नॉयडाचं आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. गिन्नीतही तसंच आहे. सिडनीचा एस, मेलबर्नचा एम, पर्थचा पी, कॅनडातल्या ऑटावाचा सी, मुंबईचा आय, पुढे प्रिटोरियाचा एस-ए, आणि लंडन बिनअक्षरी. घोडेस्वाराच्या बाजूला, सालाच्या बरोबर वर, घोड्याच्या पायाखालच्या जमिनीच्या पट्टीवर हे अक्षर असतं. भिंग नसेल तर ते चटकन दिसत नाही.

घोळ सालात होता. लंडनच्या टाकसाळीनं १९१७ नंतर गिन्न्या पाडणं थांबवलं ते थेट १९२५ पर्यंत. १९१८ ची गिन्नी सिडनी, मेलबर्न, पर्थ, ऑटावा आणि मुंबई या पाच ठिकाणी पाडली गेली आणि पाचही ठिकाणच्या नाण्यांवर अक्षर आहे. म्हणजे अक्षर नसलेली १९१८ ची गिन्नी दुर्मीळ असण्याचा प्रश्नच नाही, ती पाडलीच गेली नाही. हे मला डबी उघडताक्षणी दिसलं होतं, पण मी ते लगेच बोललो नाही. आधी तीन गोष्टी तपासायच्या होत्या: अक्षर झिजून गेलं आहे का, कुणी खरवडून काढलं आहे का, आणि ज्याला ही दोघं ओरखडा म्हणतायत ती रेघ नक्की काय आहे.

मुंबईचा आय

ती रेघ पाहताना माझ्या अंगावर काटा आला, हे मोकळेपणानं सांगतो. कुंकवाचा थर तिच्याभोवती घट्ट बसला होता. शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणं दहा मिनिटं ठेवलं, उचलून फक्त पाण्यानं धुतलं, कुठेही घासलं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रव अजिबात चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. आणि ब्रश किंवा चिंच तर सोन्याच्या नाण्याचं कायमचं नुकसान करते. कुंकू सुटलं आणि वीसपट भिंगाखाली रेघेला वर आणि खाली छोट्या आडव्या टोप्या दिसल्या. ओरखडा पृष्ठभागाच्या आत खोल जातो. हे अक्षर पृष्ठभागातून वर उठलेलं होतं. आय. इंडियाचा आय. आपल्या मुंबईचा.

भावाला भिंग दिलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आई ही नेहमी सगळ्यात मागे ठेवायची, खराब झालेली म्हणून."

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं, कारण हे नाणं का पाडलं गेलं हे कळल्याशिवाय त्याचं वर्षही कळत नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं. समुद्रात जहाजं बुडवली जात होती, त्यामुळे सोनं लंडनला किंवा ऑस्ट्रेलियाला नेऊन त्याची नाणी करून आणणं धोक्याचं झालं होतं. इकडे युद्धाच्या खरेदीसाठी हिंदुस्थानात पैसा ओतावा लागत होता आणि रुपयासाठी लागणारी चांदी महाग आणि दुर्मीळ झाली होती. एक रुपयाची कागदी नोट १९१७ च्या अखेरीस निघाली ती याच टंचाईमुळे, आणि मग अडीच रुपयांचीही निघाली. सरकारनं १९१७ मध्ये आयात होणारं सोनं स्वतःच्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि त्याचीच नाणी मुंबईत पाडायचं ठरवलं. फोर्टात टाऊन हॉलशेजारी, १८२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या टाकसाळीत लंडनच्या टाकसाळीची शाखा उघडली गेली.

गिन्नीचे ठसे लंडनहून यायचे होते. ते येईपर्यंत त्याच सोन्याची, त्याच वजनाची आणि त्याच कसाची पंधरा रुपयांची मोहर मुंबईत पाडली गेली, कारण एका गिन्नीचा सरकारी भाव तेव्हा पंधरा रुपये होता. मोहरा सुमारे २१ लाख पाडल्या. पुढे १९१८ च्या ऑगस्टपासून पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत गिन्न्या पाडल्या, सुमारे १३ लाख, आणि सगळ्यांवर साल १९१८ च. युद्ध संपलं, सोन्याची वाहतूक मोकळी झाली, शाखा बंद झाली. आय अक्षराची गिन्नी त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. सिडनीची शाखा सात दशकं चालली, मुंबईची वर्षभरही नाही. लोकांनी या मोहरा-गिन्न्या खर्चल्या कमी आणि साठवल्या जास्त. किती तरी वितळून पाटल्या-बांगड्या झाल्या.

एवढं खरं, तरी आय गिन्नी म्हणजे काही लाखमोलाचं दुर्मीळ नाणं नव्हे. तेरा लाख हा आकडा मोठा आहे. चांगल्या अवस्थेतल्या नाण्याला सोन्याच्या किमतीवर थोडं जास्त मिळतं, एवढंच. माझ्या मनात तिची जागा मोठी आहे, ती किमतीमुळे नाही.

चिठ्ठीवर मिसळ का आली

मग खऱ्या नाण्याचा टंच ८९.६ कसा? गिन्नीचा कस बावीस कॅरट, म्हणजे ९१.६७. ती तपासणी करणाऱ्या सराफाचा मी मुळीच दोष मानत नाही, यंत्र जे दिसेल ते सांगतं. पण यंत्राला काय दिसतंय हे नाणं हातात फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

नाण्याची कड बोटानं फिरवून पाहिली. गिन्नीच्या कडेवर बारीक उभ्या रेघांची दाती असते. राजाच्या डोक्याच्या वर, साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ही दाती बुजलेली होती आणि तिथला रंग किंचित फिका. ही कडी लावल्याची खूण. कुणीतरी कधीकाळी ही गिन्नी गळ्यातल्या साखळीत घालायला कडी जोडली होती आणि नंतर ती कापून घासून काढली. जुना डाक, म्हणजे कडी जोडायचा धातूचा सांधा, देताना त्यात चांदी, पितळ असं काहीबाही असायचं आणि तो वितळून आसपासच्या अक्षरांवरही पसरतो. कॅरेटोमीटरचा किरण साधारण काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर पडतो आणि पृष्ठभागातला अगदी पातळ थरच वाचतो. नाणं यंत्रात ठेवताना तो ठिपका नेमका डाकाच्या बाजूला पडला, असा माझा अंदाज होता.

ताईला सांगून आम्ही दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्याच एका हॉलमार्किंग केंद्रावर गेलो. तिथल्या मुलाला विनंती केली की प्रत्येक नाण्यावर चार ठिकाणी मोजून द्या, आणि कुठे मोजलं ते कागदावर गोल काढून दाखवा. त्यानं ते मन लावून केलं. आय गिन्नीचे तीन आकडे ९१.७ च्या आसपास आले, बाकीचं जवळपास सगळं तांबं. चौथा, डाकाजवळचा, ८९.८, चांदी आणि जस्त त्यात स्पष्ट. जी गिन्नी चिठ्ठीनं बाद केली होती ती सोन्याच्या बाबतीतही निर्दोष निघाली.

वजन मात्र कमी भरलं, ७.९२ ग्रॅम. पूर्ण वजन ७.९८८ ग्रॅम, आणि इंग्रजी कायद्यानुसार ७.९३७ ग्रॅमपर्यंत झिजलेली गिन्नी चलनात चालायची. ही त्याहून खाली गेली होती. कडी काढताना घासलेलं सोनं आणि पन्नास वर्षांचा रिठा, दोन्हींचा हिशेब त्या फरकात आहे.

चोख सोन्याची खोटी गिन्नी

आता दुसरी. वजन ७.९५ ग्रॅम, म्हणजे वजनाच्या मापात ती पहिलीपेक्षा बरी. व्यास २१.९६ मि.मी., असायला हवा २२.०५. काठाची जाडी १.६ च्या घरात, असायला हवी १.५२. हे फरक केसाएवढे आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत, पण डिजिटल कॅलिपर त्यांना लपू देत नाही.

मग पाणी. ही कसोटी मला सगळ्यात आवडते, कारण ती घरच्या ओट्यावर होते आणि नाण्याला धक्का लागत नाही. मिलिग्रॅम दाखवणारा काटा, त्यावर पाण्याचा ग्लास, काटा शून्यावर आणायचा. नाणं बारीक नायलॉनच्या दोऱ्यानं पाण्यात बुडवायचं, तळाला आणि भिंतीला न लावता. काटा जे दाखवतो ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याचं वजन त्यानं भागलं की घनता मिळते. सोन्याची घनता १९.३, तांब्याची जवळपास ९. बावीस कॅरट सोनं आणि बाकी तांबं असेल तर १७.६ च्या आसपास यायला हवी. सोन्याचा मुलामा दिलेलं टंगस्टन कॅरेटोमीटरला फसवू शकतं, कारण यंत्र वरचंच वाचतं. पाणी मात्र आतपर्यंत वाचतं. टंगस्टनची घनता शुद्ध सोन्याएवढी असते, त्यामुळे बावीस कॅरटच्या नाण्यात ती लगेच उघडी पडते.

माझ्याकडची एक पर्थची गिन्नी मी सोबत नेली होती. ती १७.६ आली. ताईची आय गिन्नी १७.६ च्या अगदी किंचित खाली. बिनअक्षराची गिन्नी: पाणी ०.४४७ ग्रॅम, घनता १७.८. तीन वेळा मोजलं, तीनदा तेच. म्हणजे आत टंगस्टन नाही, सोनं खरं आहे, पण त्यात मिसळलेला धातू निव्वळ तांबं नाही. केंद्रावरच्या आकड्यांनी ते स्पष्ट केलं: सोनं ९१.४, उरलेल्यात चांदी आणि तांबं जवळपास निम्मं-निम्मं. नाण्याचा रंग पहिलीपेक्षा जास्त पिवळा दिसत होता तो यामुळे.

चांदी सापडली एवढ्यावर नाणं खोटं ठरत नाही, हे इथे ठासून सांगतो. सिडनीच्या सुरुवातीच्या गिन्न्यांत चांदीच मिसळलेली असायची आणि त्या पिवळ्याच दिसतात. इथला निष्कर्ष तिथे लावून कुणी खरं नाणं वितळवलं तर मला वाईट वाटेल. पण १९१८ च्या नाण्यात एवढी चांदी, मापातला फरक आणि नसलेलं अक्षर एकत्र आलं की मग भिंग घेऊन बसावंच लागतं.

मी दोन तास बसलो. जमिनीच्या पट्टीवर जिथे अक्षर हवं होतं तिथे पृष्ठभाग सलग होता. खरवडल्याच्या समांतर रेघा नाहीत, खड्डा नाही, झिजून राहिलेली सावली नाही. आणि घोड्याच्या आयाळीपेक्षा ही पट्टी बरीच खोलगट असते; आयाळ शाबूत असताना तिच्यावरचं अक्षर झिजणं शक्य नाही. अक्षर या नाण्यावर कधी नव्हतंच. उजव्या कोपऱ्यात शिल्पकार पिस्त्रूचीची बी. पी. ही अक्षरं खऱ्या नाण्यावर सुईनं कोरल्यासारखी असतात. इथे ती मेणात दाबल्यासारखी गोलावलेली. राजाच्या मानेखाली राजाचं चित्र करणाऱ्या मॅकेनलची बी. एम. ही अक्षरं एकमेकांत मिसळलेली. कडेचे दाते कुठे रुंद, कुठे अरुंद. राजाच्या चेहऱ्यापुढच्या मोकळ्या जागेत तीन बारीक फुगवटे होते. नाण्याला मार लागला तर खड्डा पडतो. फुगवटा यायचा तर ठशातच खड्डा असावा लागतो. आणि सालातला ८ हा बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित उंच आणि थोडा तिरका.

खऱ्या नाण्यावरून साचा घेऊन ठसा केला की असंच होतं. कडा मऊ होतात, साच्यातले दोष नाण्यावर उतरतात. आठाचा आकडा पाहून मला वाटतं की मूळ नाणं लंडनचंच, आधीच्या एखाद्या वर्षाचं असावं आणि ठशात साल बदललं गेलं. अक्षराचा नियम ठसा करणाऱ्याला ठाऊक नव्हता किंवा त्याला त्याची फिकीर नव्हती.

खऱ्या सोन्याची खोटी नाणी कुणी का करावीत, असं भावानं विचारलं, आणि प्रश्न अगदी रास्त होता. दुसऱ्या महायुद्धानंतर बऱ्याच देशांत गिन्नीला तिच्यातल्या सोन्यापेक्षा चांगलाच जास्त भाव मिळायचा, कारण लोकांचा नोटांपेक्षा गिन्नीवर विश्वास होता. सोनं घ्यायचं, नाणं पाडायचं, मधला फरक खिशात घालायचा. १९५० च्या आसपास इटलीत आणि नंतर लेबनॉनमध्ये बेरूतला हा धंदा जोरात चालला. लंडनच्या टाकसाळीनं १९५७ मध्ये पुन्हा गिन्न्या पाडायला घेतल्या, त्यामागे या नकलांना चाप लावणं हे एक कारण होतं. या नकलांत सोनं पूर्ण किंवा जवळपास पूर्ण असतं, म्हणून सराफाच्या पेढीवर त्या बिनबोभाट पास होतात. पेढीवर विचारला जातो तो प्रश्न सोन्याचा, आणि त्याचं उत्तर तिथे अचूकच मिळतं.

बेरूत हा शब्द ऐकल्यावर ताई गप्प झाली. मग म्हणाली, "दादा, ही मामानं दिलेली आहे. माझ्या बारशाला."

तिचे मामा १९७० च्या दशकात कुवेतला नोकरीला होते. १९७४ साली ताईच्या बारशाला आले तेव्हा तिथल्या सोनेबाजारातून एक गिन्नी घेऊन आले होते. आखातातल्या बाजारांत बेरूतच्या नकला सर्रास दागिन्यांत जोडून विकल्या जात. मामांनी सोन्याचे पैसे दिले आणि सोनंच आणलं. त्यांची फसवणूक झाली असेल तर ती नाण्यापुरती. मामा आता नाहीत. ताईनं ती गिन्नी हातात घेतली, आणि त्या क्षणी तिला दुसऱ्या कुठल्याही नाण्याशी देणंघेणं राहिलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

मेडल

तिसऱ्या नाण्याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण त्याच्याबाबत शंकेला जागाच राहिली नाही. ती १९१८ ची मोहर. वजन ७.९८, कडेची दाती शाबूत, कडी कधी लावलेली नाही, झिज जवळजवळ नाही. मुकुट घातलेल्या राजाच्या झग्यावर गळ्यातल्या साखळीत एक हत्ती असतो. १९११ च्या रुपयावर या हत्तीची सोंड आखूड पडली आणि तो डुकरासारखा दिसला म्हणून केवढा गहजब झाला होता. १९१२ पासून तो सुधारला. या मोहरेवर हत्तीची सोंड लांब, कान वेगळा दिसतो, पाय मोजता येतात. एवढ्या बारीक नक्षीची धार नकलेत टिकत नाही. घनता १७.६.

ज्याला चिठ्ठीनं मेडल म्हटलं, ते तिघांत संग्राहकाच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचं. दर्शनी बाजू तशीच राहिली याचं श्रेय आईला द्यायला हवं. गिन्नी नाही म्हणून ती या नाण्याला रिठ्यात कमी घासत असणार.

पुढचं

भावानं विचारलं की हे नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीकडे पाठवून पारदर्शक डबीत बंद करून घेता येईल का, म्हणजे वादच मिटेल. मी नको म्हटलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि ते खासगी माणसानं देशाबाहेर पाठवायला मनाई आहे. १९१८ ची नाणी आता त्या मर्यादेत आली आहेत. कुणी ओळखीचा परदेशी चाललाय, त्याच्या खिशात देऊ, असले सल्ले बरेच मिळतात. ते ऐकू नयेत. नाणं जप्त होतं आणि वर खटला.

मी त्यांना प्रत्येक नाण्याचं एक पान लिहून दिलं. वजन, व्यास, जाडी, घनता, चार ठिकाणचे कसाचे आकडे, भिंगातून काढलेले फोटो आणि कुठून आलं याची घरची माहिती. मामा, कुवेत, १९७४ हेही त्यात लिहायला लावलं. वारशात आलेल्या नाण्यांची ही माहिती माणसांसोबत जाते, आणि मग पुढच्या पिढीला फक्त टंच उरतो.

भावानं त्या ओळखीच्या माणसाला माझ्यासमोरच फोन लावला आणि ही लंडनची गिन्नी नाही, नकल आहे, असं स्वच्छ सांगितलं. समोरून उत्तर आलं, "चालेल, मला द्या. मी काही कुणाला सांगत बसणार नाही." भाव थोडा कमी केला होता, पण सोन्यापेक्षा जास्तच होता. भाऊ क्षणभर थांबला. मग म्हणाला, "नको. तुम्ही ती उद्या कुणाच्या तरी गळ्यात बांधाल," आणि फोन ठेवला. या प्रकरणात मला त्याचं सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते इथे.

वाटणी त्याच संध्याकाळी झाली. मामाची गिन्नी ताईनं मागून घेतली. वितळवायची नाही, विकायची नाही, आणि कागदावर मोठ्या अक्षरात नकल असं लिहून ठेवायचं, हे तिचंच म्हणणं. आय गिन्नी भावानं घेतली, मुंबईची म्हणून. मोहर कुणी एकानं घ्यायची नाही असं ठरलं. ती दोघांच्या नावानं लॉकरमध्ये राहील आणि ताईची मुलगी व भावाचा मुलगा मोठे झाले की ते ठरवतील.

तिन्हींसाठी मी प्लास्टिकच्या कडक डब्या दिल्या, पीव्हीसी नसलेल्या, कारण पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलं की चिकट हिरवा थर धरतो. ताईनं एकच अट घातली, लक्ष्मीपूजनाला तिन्ही नाणी ताटात यायलाच हवीत. मी हो म्हटलं. कुंकू ताटाला वाहायचं, नाण्यांना नाही, आणि दुसऱ्या दिवशी रिठा नाही, एवढं तिनं कबूल केलं.